म्हंजेकाका

आमच्या कंपनीचं एक मोठं प्रेझेंटेशन भोईरकाकांच्या एका शब्दानं बुडता बुडता वाचलं होतं. तो शब्द म्हणजे 'म्हंजे'.

मी घरून काम करते. गोडाउनमधल्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते, आणि ते वापरायचं कसं हे गिऱ्हाइकांना समजावून सांगणं हे माझं काम. भिवंडीत नारपोलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी दार लावून बसलं तर माणूस वाफेवर शिजतो, म्हणून माझं दार कायम उघडं. समोरचं दार भोईरकाकांचं. तेही उघडं. त्यांची खुर्ची मात्र ना त्यांच्या घरात ना माझ्या घरात, मधल्या पॅसेजमध्ये. पांढरी स्वच्छ बनियन, चट्ट्यापट्ट्याची अर्धी विजार, मांडीवर पेपर आणि कान माझ्या लॅपटॉपकडे.

त्या दिवशी अंजूरच्या एका बड्या गोडाउनची माणसं ऑनलाइन बसली होती. त्यांच्या सगळ्यांचे कॅमेरे बंद. आमचे शेखरसर मुंबईहून रंगात येऊन बोलत होते, "आमचं सोल्युशन तुम्हाला अगदी सीमलेस एक्सपिरियन्स देतं."

माझ्या मागून आवाज आला, "सीमलेस म्हंजे?"

माझा माइक चालू होता. सरांना वाटलं, समोरचेच कोणी मोठे साहेब बोलले. त्यांचा आवाज एकदम लोण्यात बुडाला. "एक्सलंट क्वेश्चन, सर! सीमलेस म्हणजे फ्रिक्शनलेस."

"फ्रिक्शनलेस म्हंजे?"

मी माइकचं बटण शोधत होते आणि घाईत बंद केला कॅमेरा. सर घाम पुसत सांगायला लागले, "म्हणजे सर, ट्रक दारात आला की माल एकदा स्कॅन करायचा. परत कुठे लिहायला नको, मोजायला नको. ऑफिसात बसल्या बसल्या दिसतं."

"मंग असं सांगा ना," काका म्हणाले. "सीम म्हंजे शिवण. कपड्याच्या धंद्यात आयुष्य गेलं माझं. उगाच शिंप्याचे शब्द कशाला?"

गोडाउनवाले गप्पच. त्यांना वाटत होतं, हे आमच्या कंपनीचे मालक असावेत. मीटिंग संपल्यावर सरांचा फोन आला, "वैशाली, त्यांचे ते सीनियर फार शार्प आहेत हं. नाव काय त्यांचं?"

मी म्हटलं, "भोईर."

गिऱ्हाईक पक्कं झालं. सर अजून अधूनमधून विचारतात, "भोईरसाहेब काय म्हणतात?" मी म्हणते, बरे आहेत.

भोईरकाका मूळचे अंजूरचे, खाडीकाठचे. तरुणपणी नारपोलीत आले, शेड बांधली, लूम टाकले. लूमच्या खडखडाटात इतकी वर्षं काढली की अजूनही ते मोठ्यानंच बोलतात. पुढे धंदा बसला, लूम भंगारात गेले आणि शेडमध्ये एका ऑनलाइन माल विकणाऱ्या कंपनीची खोकी येऊन पडली. मूलबाळ नाही. सुनंदाकाकूंना जाऊन काही वर्षं झालेली; मी लग्न होऊन इथे आले त्याआधीच त्या गेल्या होत्या. तेव्हा काका एकटे, आणि सोबतीला जगातले सगळे नवे शब्द.

कोणी इंग्रजी शब्द टाकला की काका तो जमिनीवर पडू देत नसत. झेल घेत. "म्हंजे?" आणि नुसता अर्थ सांगून सुटका नाही. स्वतःच्या मापाचा होईपर्यंत ते त्याला दाबून-चेपून बघणार. बिल्डिंगमधली पोरं त्यांना पाठीमागे 'म्हंजेकाका' म्हणत. कॉलेजातली दोन तर आमच्या तिसऱ्या मजल्यावर आली की एकदम शुद्ध मराठीत बोलायला लागत.

मी मात्र समोरच राहत होते. पळणार कुठे?

"बाय, हा क्लाऊड म्हंजे काय गो?" त्यांनी एकदा विचारलं.

मी सांगितलं, "आपली माहिती आपल्या कॉम्प्युटरवर न ठेवता इंटरनेटवर ठेवायची."

"इंटरनेटवर म्हंजे कुठं?"

"लांब कुठेतरी मोठ्या इमारती असतात, काका. त्यात मशिनी असतात."

"इमारतीला छप्पर हाय?"

"असणारच."

"मंग ढग कशाला बोलता? गोडाउन हाय ते! माल आपला, शेड त्याची, महिन्याला भाडं. भाडं थकलं की माल रस्त्यावर." मग समाधानानं पेपर उलटत म्हणाले, "ढग बोललं की माणूस वर बघतो. खाली खिशाकडं बघत न्हाय."

ही व्याख्या मी पुढे एका गिऱ्हाइकाला जशीच्या तशी ऐकवली. त्याला झटकन कळली. त्यानं क्लाऊड घेतला नाही, हा भाग वेगळा.

अल्गोरिदम म्हणजे हळदीच्या पंगतीतला वाढपी. "तू एकदा चुकून जिलबी मागितलीस, की तो तुझं तोंड ध्यानात ठेवतो. मंग भात न्हाय, वरण न्हाय, जिलबीच घेऊन उभा. तुझं पोट बिघडलं तरी जिलबीच." नियम व अटी म्हणजे मंगलाष्टकं. "सगळे अक्षता टाकायच्या घाईत, ऐकतो कोण? मंजूर, मंजूर! अडकल्यावर कळतं." आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल त्यांचं मत असं, की तो घरात आलेला नवा जावई आहे. काहीही विचारा, उत्तर तयार. चुकलं तरी आवाज खाली येत नाही, आणि सासरची माणसं म्हणतात, किती हुशार!

काका नेहमी बरोबरच असत असं नाही. एका संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"बाय, राग मानू नको. ती दुसऱ्या माळ्यावरची पोरगी बोलत होती. पॉडकास्ट. ही कुठली कास्ट? आपल्यात मोडते काय?"

मी हसत सुटले. मग समजावलं, की रेडिओसारखंच असतं, हवं तेव्हा ऐकायचं. तर उलट माझ्यावरच चिडले. "मंग रेडिओ बोला! चांगल्या घरच्या पोरींनी लोकांना असं घोटाळ्यात टाकू नये."

नाक्यावरच्या चहावाल्या इस्माईलभाईंकडे एकदा काका आणि मी थांबलो, तर मोबाइलनं पैसे जात नव्हते. इस्माईलभाई म्हणाले, "चाचा, सर्वर डाउन है."

काकांनी लगेच हिंदीचा गिअर टाकला. "सर्वर मतलब?"

"अब वो तो मालूम नहीं, चाचा. ऊपर से डाउन है."

"देखा किसी ने?"

"नहीं."

"आदमी है के मशीन है, मालूम नहीं. किधर रहता है, मालूम नहीं. फिर भी उसके नाम पे सब चाय वाला चुप?" काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्या टायमाला एवढा मान फक्त वीज मंडळाला होता."

सगळ्यात कठीण प्रसंग आला तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये. गळ्यात पट्टा घातलेला एक विक्रेता सोसायटीसाठी ॲप विकायला आला होता. बिचारा पाठ करून आलेला. "एआय बेस्ड, क्लाऊड नेटिव्ह आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड—"

"थांब," काका म्हणाले. "एंड टू एंड म्हंजे?"

"म्हणजे काका, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत सगळं सुरक्षित, मधलं कोणी ऐकत नाही."

"आणि हे ॲप करणार काय?"

"पाहुणा आला की गेटवरून तुमच्या फोनवर मेसेज येईल."

"आमचा वॉचमन यादव आता खालच्या टोकाला उभा राहून वरच्या टोकाला हाक मारतो. 'भोईरचाचा, मेहमान आया!' मधी कोण ऐकत न्हाय?"

विक्रेत्याला वाटलं, पकडला मुद्दा. "तेच ना! सगळी बिल्डिंग ऐकते. प्रायव्हसी राहत नाही."

"अरे, बिल्डिंगला कळायलाच पायजे, माझ्याकडं पाहुणा आला ते. वर्षातनं एकदा येतो."

सगळे हसले. काकाही हसले. ॲप बारगळलं. जाताना काकांनीच त्या विक्रेत्याला घरी नेऊन सरबत पाजलं आणि त्याच्याकडून 'क्लाऊड नेटिव्ह'चा अर्थ काढायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "काका, खरं सांगू? आम्हाला ट्रेनिंगमध्ये एवढंच सांगितलं होतं, की हे म्हणायचं." काका त्याच्यावर अतिशय खूश झाले. "खरं बोलला पोरगा," असं ते नंतर आठवडाभर सांगत होते.

मला वाटायचं, रिकामपणाचा छंद आहे. माणसाला काही तरी हवं. कोणी शब्दकोडी सोडवतं, हे शब्द सोडवतात.

मग गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई आजारी पडल्या. जिना चढताना दम लागायचा, पाय सुजले, आणि एका सकाळी बसल्या जागी श्वास पुरेना. माझा नवरा कामासाठी सुरतेला गेलेला. मी रिक्षा बोलावली, सासूबाईंना धरून खाली आणलं, तर रिक्षात काका आधीच बसलेले. इस्तरीचा शर्ट, पायात बूट. मी त्यांना बोलावलं नव्हतं. रिक्षा आल्याची हाक यादवनं वर मारली होती, तेव्हा सगळ्या बिल्डिंगला कळलंच होतं.

"वयनींना मधी बसव," एवढंच ते म्हणाले.

ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये सासूबाईंना दाखल केलं. तपासण्या झाल्या. दोन दिवसांनी त्रास जरा कमी झाला. सकाळी आम्ही दोघं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो, तेवढ्यात रिपोर्ट फोनवर आला. लांबलचक इंग्रजी. मला इंग्रजी येतं, पण ते हृदयाचं इंग्रजी नव्हे. मी सवयीनं तो मजकूर उचलला आणि फोनमधल्या एआयला विचारायला निघाले, सोप्या मराठीत सांग म्हणून.

काकांनी माझ्या फोनवर हात ठेवला.

"त्याला नको विचारू."

"अहो काका, नुसता अर्थ बघते."

"नको, बाय. माणूस येऊ दे. माणसाला विचारू."

त्यांचा आवाज मोठा नव्हता. हात मात्र फोनवरून हलला नाही. मी फोन पर्समध्ये टाकला.

थोड्या वेळानं डॉक्टर आल्या. माझ्याच वयाच्या असतील, डोळ्यांत झोप भरलेली. चालता चालताच म्हणाल्या, "औषधांना रिस्पॉन्स बरा आहे. एक-दोन दिवसांत घरी नेता येईल. हार्टचं पंपिंग कमी आहे, सो प्रॉग्नोसिस इज गार्डेड. ओके?"

"ओके," मी म्हटलं. मान हलवली. घरी नेता येईल एवढंच मी ऐकलं होतं.

"म्हंजे?" काका उभे राहिले होते.

डॉक्टर थांबल्या. "म्हणजे... काका, आत्ताच नक्की सांगणं कठीण आहे."

"तुम्हाला सांगणं कठीण हाय, ते कळतं मना. रोज किती जणांना सांगाल? पण हिला मराठीत सांगा. ही मान हलवते, पण हिला समजलेलं न्हाय." मग हात जोडून म्हणाले, "मी चेष्टा करत न्हाय, डॉक्टर. तो शब्द तेवढा फोडून सांगा."

डॉक्टरांनी एकदा वॉर्डकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग त्या आमच्याजवळ बाकावर बसल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. हृदय थकलंय. औषधांनी दिवस बरे जातील. कदाचित बरेच, कदाचित थोडे. पूर्वीसारखं होणार नाही. गार्डेड म्हणजे, कधी एकदम बिघडेल ते सांगता येत नाही. "त्यांना कुणाला भेटायचं असेल, कुठे जायचं असेल, तर आता बरं वाटतंय तोवर करून घ्या. पुढे ढकलू नका." उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी रडले. काका खालच्या कँटीनमधून दोन चहा घेऊन आले. एक मला दिला, आणि दुसरा हातात धरून बसले.

"सुनंदाच्या टायमाला मी विचारलं न्हाय," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिच्या रिपोर्टवर असंच होतं. डॉक्टर पण असाच बोलला, गार्डेड. मी मान हलवली. शरम वाटली गो. आजूबाजूला शिकलेली माणसं, आपण विचारलं तर बोलतील अडाणी हाय. घरी येऊन फोनमधी टाकलं. त्यानं मराठी करून दिलं. 'रोगनिदान संरक्षित आहे.' असं आलं. मना काय आनंद झाला! संरक्षित. म्हंजे राखलेलं. भिंतीच्या आत. मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. बोललो, बघ, मशीन पण बोलतंय, तुला काय होत न्हाय."

"काकू काय म्हणाल्या?"

"हसली. बोलली, मंग मना वज्रेश्वरीला ने. तिचा मामा तिकडचा. लहानपणी त्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायची, ते सारखं आठवायचं तिला. मी बोललो, आता घाई कसली? अंगात ताकद येऊ दे, मंग जाऊ." त्यांनी चहा खाली ठेवला. "न्हाय गेलो."

वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत आमच्यासमोरून गेला. काका तिच्याकडे बघत राहिले.

"तिला कळलं होतं का, ते मना माहीत न्हाय," ते म्हणाले. "ती मशीनवर कधी विश्वास ठेवायची न्हाय. पण माझ्यावर ठेवायची."

सासूबाईंना घरी आणलं. नवरा सुरतेहून आला. आम्ही त्यांना खरं काय ते सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "धाकटीला भेटायचंय." त्यांची धाकटी बहीण अंबाडीच्या पुढे एका खेड्यात राहते. गुडघ्यांमुळे तिला हलता येत नाही. दोघींची कित्येक वर्षांत भेट नव्हती; सगळं फोनवर. त्याच रविवारी गाडी ठरवली. काकांना मी म्हटलं, "तुम्हीही चला." "मी कशाला?" म्हणाले, आणि आमच्या आधी खाली जाऊन उभे राहिले.

बहिणी भेटल्या. आधी रडल्या, मग भांडल्या, मग कुठल्याशा जुन्या लग्नातल्या कुणाच्या तरी साडीवरून इतक्या हसल्या, की मला औषधाची पिशवी जवळ घेऊन बसावं लागलं. काका अंगणात बहिणीच्या नातवंडांशी गप्पा मारत होते. उन्हं कलायला लागली तशी आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर वज्रेश्वरीचा फाटा आला. मी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. पुढच्या सीटवर काका बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, नको असंही म्हणाले नाहीत.

कुंडांपाशी रविवारची गर्दी होती. ओली पोरं, टॉवेल गुंडाळलेले पुरुष, भज्यांचा वास. सासूबाईंना पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं. आम्ही त्यांना गाडीच्या उघड्या दारात, पाय बाहेर सोडून बसवलं. काकांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, शेजारच्या दुकानातून प्लास्टिकची एक बादली आणली आणि खाली गेले. बराच वेळ दिसले नाहीत. माझा नवरा त्यांना बघायला जाणार, तेवढ्यात ते बादली सांभाळत, एकेक पायरी चढत वर आले.

आधी त्यांनी स्वतःचा हात पाण्यात घालून पाहिला. पाणी जरा निवू दिलं. परत हात घातला. मग सासूबाईंच्या पायांशी उकिडवे बसले.

"अहो भावजी, हे काय करताय? उठा," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "वैशाली घालेल की पाणी."

"असू द्या, वयनी. चटका बसला तर सांगा."

त्यांनी ओंजळीनं त्यांच्या सुजलेल्या पायांवर हळूहळू पाणी सोडलं. सासूबाईंनी आधी पाय आखडले, मग सैल सोडले. त्यांनी डोळे मिटून घेतले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, मागे पोरांचा आरडाओरडा चालला होता. काका खाली मान घालून पाणी घालत राहिले. बादलीचा तळ दिसला, तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

"बरं वाटतं?"

"खूप," सासूबाई म्हणाल्या. मग डोळे न उघडताच, जरा संकोचून, "अजून थोडं मिळेल का हो?"

काकांनी बादली उचलली आणि ते पुन्हा पायऱ्या उतरायला लागले.